आता सगळं डिजिटल झालंय, मग पोलिसांचं काम सोपं झालं नाही का? माझा भाऊ भरतीची तयारी करतोय, नेमकी अडचण काय असते?

मी तपासाला असलेला हवालदार. "आता तुमचं काम सोपं झालं" हे माझा मेहुणा दर दिवाळीला ऐकवतो, म्हणून लिहायला बसलो.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं, त्यासाठी ई-साक्ष्य ॲप. फोन कुणाचा? आमच्याकडे तरी स्वतःचा. नेटपॅकही स्वतःचा.

पावसाळ्यात एक घरफोडी झाली. कपाट फोडलेलं, तांदळाच्या डब्यातलं मंगळसूत्र आणि पाटल्या गेलेल्या. फिर्यादी एक आजीबाई. पंच हवेत म्हटल्यावर गल्लीतली दारं पटापट लागली, शेवटी किराणावाल्याला हातापाया पडून आणलं. जोडीदार फोन धरून, मी पंचनामा लिहितोय. लाइट गेलेली. ॲपची एक क्लिप चार मिनिटांची. कपाटापाशी पोचेपर्यंत संपते, की पुन्हा सुरू करा. सात वर्षांच्या शिक्षेचं कलम, त्यामुळे जिल्ह्याहून फॉरेन्सिकची गाडी येईपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही. आजी मागे लागल्या, "फोटो कसले काढताय, चोराच्या मागं जा की!" शेवटी ॲपला तपास अंमलदाराचा सेल्फी लागतो. तो काढताना समोरच्या गच्चीवरून कुणीतरी माझंच शूटिंग केलं. संध्याकाळी क्लिप गावभर: आजी रडतेय, पोलीस सेल्फीत दंग. आमच्या घरच्या ग्रुपवर ती टाकली मेहुण्याने. खाली हसायचे इमोजी.

चोर नंतर शेजारच्या जिल्ह्यात सापडला. पाटल्या वितळवून झाल्या होत्या. ती बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर अडचण माणसांची आहे. तपास अर्धा टाकून गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा. फिर्यादीला 90 दिवसांत तपासाची प्रगती कळवायची असते. बंदोबस्ताचे दिवस त्यातून कुणी वजा करत नाही. 2016 साली मुंबईत देवनार ठाण्यात एका शिपायाच्या सूचनेवरून आठ तासांची ड्युटी सुरू झाली, पुढे शहरातल्या इतर ठाण्यांतही गेली. आमच्याकडे अजून घड्याळ बघायचं नसतं.

चित्रीकरण वाईट नाही हो. पूर्वी पंच कोर्टात फितूर व्हायचा, "सही ठाण्यात घेतली" म्हणायचा आणि केस आडवी. आता व्हिडिओ समोर असतो. आणि आमच्यातले काहीजण मोबाईलवर खरंच टाइमपास करतात, तेही नाकारत नाही.

भावाला धावण्याबरोबर मराठी टायपिंग शिकायला सांगा, तेच जास्त कामाला येईल.

आणि मेहुणे, तुम्ही हे वाचणार मला माहितीय. ओटीपी देऊन बसलात तेव्हा रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कुणी लावून दिला, तेही टाका की ग्रुपवर.