नागपुरात साठ हजारांत पहिला गेमिंग पीसी: कोणते पार्ट घ्यावेत आणि दुकानातलं हे कोटेशन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बजेट साठ हजार, मॉनिटर जुना २२ इंची घरचाच वापरायचा, गेम व्हॅलोरंट आणि जीटीए ५, पुढे एखादा नवा मोठा गेम. खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, कूलर आहे, घरात इन्व्हर्टर आहे. आणि बर्डीतल्या एका दुकानातून कोटेशन मिळालंय: आय-सेव्हन ३७७०, १६ जीबी रॅम, जीटी ७३० हे चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, सोबत ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा).

हे कोटेशन घेऊ नका. ३७७० हा २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. त्याला डीडीआर३ रॅम लागते, म्हणजे आज घेतलेली रॅम उद्या कुठल्याच नव्या बोर्डात बसणार नाही. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. शिवाय या प्रोसेसरात एव्हीएक्स२ हा नव्या सूचनांचा संच नाही, त्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत. जीटी ७३० चं म्हणाल तर त्यावरच्या 'चार जीबी'ला भुलू नका. गोदाम मोठं आणि दार अरुंद, असा तो प्रकार आहे. ते कार्ड डेस्कटॉप दिसण्यापुरतं आहे.

खरेदीची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करा. साठातले वीस ते चोवीस हजार तिथे गेले तरी चालतील. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी आठ जीबीचं रॅडिऑन आरएक्स ६६०० योग्य भावात मिळालं तर आधी तेच बघा. ते सुमारे १३२ वॅट खातं आणि त्याला एकच आठ पिनची वायर लागते. ते नसेल तर आरटीएक्स ५०५० किंवा ४०६० ची चौकशी करा. आरटीएक्स ३०५० घेताना मात्र जपून. या एकाच नावाची दोन कार्डं बाजारात आहेत, आठ जीबीचं आणि सहा जीबीचं. सहा जीबीवाल्यात कोअर कमी आहेत आणि मेमरीचा रस्ता १२८ ऐवजी ९६ बिटचा आहे, त्यामुळे ते सरळसरळ हळू आहे. त्याचा उपयोग एकाच ठिकाणी: एसएमपीएसला वेगळी वायर नसेल तिथे, कारण ते ७० वॅटमध्ये भागवतं. इंटेल आर्क बी५८० ला १२ जीबी आहे, पण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू लागते आणि हलक्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं. पहिल्या पीसीसाठी मी ते सुचवणार नाही.

सेकंड हँड घेणार असाल तर जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० सोडून द्या. त्या पिढीचे नियमित गेम ड्रायव्हर २०२५ मध्ये थांबले. शिवाय जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकलेली बनावट कार्डंही फिरतात. दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघा. बनावट कार्ड असेल तर ते बहुतेक वेळा तिथेच उघडं पडतं.

प्रोसेसर आणि बोर्डाचं (मदरबोर्डाचं) थोडक्यात सांगतो. रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड, किंवा आय-फाइव्ह १२४००एफ आणि बी७६० बोर्ड. दोन्ही जोड्या सहा कोअर, बारा थ्रेडच्या आहेत आणि या कार्डांना पुरतात. दोन्हींमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणून ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. बिघाड समजून घाबरू नका. ५६०० ऐवजी ५६००जी कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. त्याची कॅश (आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि तो पीसीआयई ३.० या कार्डाशी जोडणीच्या जुन्या, हळू प्रकारावर थांबतो. इंटेलच्या बोर्डात एक खोच आहे: एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन रूपांत येतो आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बिलावर बोर्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या.

रॅम आठ-आठ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर४, ३२०० वेगाची. सोळाची एकच काडी घेतली तर मेमरी एकाच वाटेने चालते आणि गेम अडखळतात. चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर धावत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव फार चढले आहेत, म्हणून सगळ्या पार्टांचे भाव एकाच दिवशी विचारा. बजेट फुटलं तर एक टीबीऐवजी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घ्या. ती पुढे वाढवता येते.

आता एसएमपीएस. इथे कंजुषी कराल तर बाकीचे सगळे पार्ट धोक्यात येतील, आणि नागपुरात तर जास्तच.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. तिकडे बघू नका. लेबलवर अधिक १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. तिथे १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, बस. तुमच्या पीसीला गेम चालू असताना प्रोसेसरचे ७६, कार्डाचे १३२ आणि बाकीचे चाळीस-पन्नास मिळून अडीचशेच्या आसपास वॅट लागतील. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर १२ व्होल्टला ४३ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ५१६ वॅट दिसतात. असं ८० प्लस ब्राँझचं ५५० वॅट युनिट घ्या. पण ब्राँझचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, तेही साध्या खोलीच्या तापमानात तपासून. डेटाशीटमध्ये आणखी एक गोष्ट बघा: पूर्ण वॅट ४० अंशांना दिले आहेत की ५० अंशांना. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी सात वाजता ४० अंश असतातच आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. ५० अंशांवालं युनिट पाचशे-हजार रुपये महाग पडलं तरी तेच घ्या. आरजीबी पंख्यांतून वाचवा.

उन्हाचा हिशोब सोपा आहे. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुधा २२ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते. तिथे ७५ दिसलेला प्रोसेसर तुमच्याकडे मे महिन्यात ९० वर जाईल आणि ५६०० ची मर्यादाच ९० आहे. तिथे पोचला की तो आपला वेग कमी करतो. म्हणून समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, काचेचं तोंड असलेलं नको. पुढून १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला दांड्यांची चौकट असते, हवा त्या बाजूने बाहेर पडते. वरच्या मजल्यावर असाल तर प्रोसेसरच्या डब्यात येणाऱ्या कूलरऐवजी १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर लावा. पैसे उरले नाहीत तर बायोसमध्ये ईको मोड (प्रोसेसरची वीज कमी करणारी सेटिंग) चालू करा आणि गेमच्या सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झएवढ्या बांधून टाका. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १८० फ्रेम काढण्यात फक्त उष्णता तयार होते.

खोलीतल्या कूलरचा थेट झोत पीसीवर नको. खोली थंड होते हा फायदाच आहे, पण झोतासोबत पाण्याचे बारीक थेंब आणि वाळ्याचा, गवताचा भुसा येतो आणि जाळीत घट्ट बसतो. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला जाळी धुवा, वाळवा, मग लावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

विजेचंही बघून घ्या. घरातल्या कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. आधी इलेक्ट्रिशियनकडून ते नीट करून घ्या. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट नगण्य असतो, पण चटका बसतो आणि एचडीएमआयची वायर लावता-काढता पोर्ट जाऊ शकतो. कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नको. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पीसी त्यावर नको. साइन वेव्हचा असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, कारण लाईट गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर व्हीए नाही, वॅट वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. पीसी आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो, म्हणून १००० व्हीएचा बरा.

जोडणी दुकानात करून घेणार असाल तर समोर उभे राहून एवढं बघा. प्रोसेसरची आठ पिनची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन पिनची वायर दिसायला सारखी, पण वेगळी असते. ती जोर लावून बसवू नये. रायझनचा डब्यातला कूलर लावताना बोर्डवरचे प्लॅस्टिकचे दोन ब्रॅकेट काढावे लागतात, मागची पट्टी मात्र तशीच राहू द्यायची. पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा आणि कूलर हलके फिरवत सोडवा. सरळ ओढला तर पेस्टला चिकटलेला प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

तुमचा मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर नव्या कार्डांवर ते पोर्ट नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. आणि मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, कार्डाला लावा.

बिल जीएसटीचं घ्या, १८ टक्के भरावे लागले तरी. प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर त्यावर असू द्या, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. नवं कोटेशन मिळालं की इथेच टाका. त्यात एसएमपीएसचा पूर्ण मॉडेल नंबर आणि रॅमच्या काड्या एक की दोन, एवढं नक्की लिहा.