डबा ठेवून येणं एवढंच काम असतं का?

प्रश्न : माझी मुलगी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली. एमएस्सीला प्रवेश घेईल अशी आमची अपेक्षा होती, पण गेले चार महिने तिने एकच ध्यास घेतला आहे : 'रेडॉन टेस्टिंग प्रोफेशनल' व्हायचं, म्हणजे लोकांच्या घरांत रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू किती आहे ते मोजून द्यायचं. बऱ्याच देशांत मागणी आहे, दोन दिवसांचा कोर्स आणि एक परीक्षा, की झालं, असं ती म्हणते. मला तीन शंका आहेत. किरणोत्सर्गाशी असा रोजचा संबंध धोक्याचा नाही का? दोन दिवसांत शिकता येणाऱ्या कामाला करिअर म्हणायचं का? आणि लोकांच्या तळघरांत डबे ठेवत फिरायचं होतं, तर इतकं फिजिक्स शिकवलं कशाला? तिला धुळीची ॲलर्जीही आहे. – एक वडील

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची तिसरी शंका रागातून आली आहे हे कळतं, पण तिन्हींत वजनदार तीच आहे. तिच्याकडे निवांत येऊ. आधी पहिली उरकतो.

रेडॉन कुणी तयार करत नाही की कुणी आणून सोडत नाही. माती आणि खडकांत जवळपास सगळीकडे थोडंफार युरेनियम असतं. त्याचं विघटन होत होत रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीत वायू असा हा एकटाच, म्हणून तो जमिनीतून निसटून वर येतो. उघड्यावर हवेत विरून जातो. घरात मात्र जोत्याच्या भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी यांतून शिरतो आणि कोंडून राहतो. त्याला ना रंग, ना वास. श्वासावाटे आत गेल्यावर खरा उपद्रव त्याच्या पुढच्या पिढीचा. रेडॉनपासून तयार झालेले पोलोनियमचे अणू फुप्फुसाच्या अस्तराला चिकटतात आणि तिथेच अल्फा कण (किरणोत्सर्गाचाच एक प्रकार) सोडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 साली रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्या एका देशात वर्षाला सुमारे 21,000 माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात.

एवढं वाचून तुमची काळजी वाढली असेल. पण या हिशेबात वेळ फार महत्त्वाची असते. त्या घरात राहणारं कुटुंब रोज रात्री तिथे झोपतं, वर्षानुवर्षं. चाचणी करणारी व्यक्ती तिथे असते अर्धा तास, फार तर तास. आणि तुमची मुलगी किरणोत्सर्गी काहीतरी घेऊन घरोघर जाणार आहे असं डोळ्यांसमोर असेल, तर ते चित्र पुसून टाका. तिच्या हातातलं यंत्र फक्त मोजतं. खाणी आणि बोगद्यांत मोजमाप करायचं असेल तेव्हा मात्र स्वतःला किती मात्रा मिळाली याची नोंद ठेवावी लागते; ते काम वेगळं आणि त्याचे नियमही वेगळे.

हा पेशा आला कुठून, ते थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट मला फार आवडते. डिसेंबर 1984. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पावर स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनिअर होते. किरणोत्सर्ग तपासणाऱ्या दारातून जाताना त्यांच्यामुळे वारंवार अलार्म वाजे. शेवटी लक्षात आलं, की गडी कामाला हात लावायच्या आधीच अलार्म वाजतोय. म्हणजे किरणोत्सर्ग प्रकल्पातून घरी जात नव्हता, घरून प्रकल्पात येत होता! घर तपासलं तेव्हा दर लिटर हवेत सुमारे 2,700 पिकोक्युरी (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) रेडॉन सापडला. आज त्या देशात 4 पिकोक्युरीला घर दुरुस्त करून घ्या म्हणतात. घरातली हवा मोजायची असते हे सामान्य माणसाला कळलं ते तिथून, आणि ती मोजून देणाऱ्यांचा व्यवसायही तिथूनच उभा राहिला.

आता दोन दिवसांचा कोर्स. मुलीने दिलेली माहिती चुकीची नाही. अमेरिकेत मोजमापाचा प्राथमिक अभ्यासक्रम 16 तासांचा आहे. मग परीक्षा, मग 'नॅशनल रेडॉन प्रोफिशियन्सी प्रोग्राम' किंवा 'नॅशनल रेडॉन सेफ्टी बोर्ड' यांच्याकडून प्रमाणपत्र. कॅनडाची स्वतःची अशीच योजना आहे. पदवीची अट नाही. पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, न्यू जर्सी, फ्लोरिडा अशा राज्यांत वर राज्याचा परवाना लागतो. प्रमाणपत्राचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी पुढचं शिक्षण घेत राहायचं. तिने एक फरक मात्र आधीच नीट समजून घ्यावा : नुसतं यंत्र ठेवून उचलून आणणारा तंत्रज्ञ वेगळा आणि अहवालावर सही करणारा वेगळा. जाहिरातींत या दोघांची सरमिसळ केलेली असते.

आणि दोन दिवसांत शिकवतात तरी काय? यंत्र कुठे ठेवायचं ते. राहण्याजोग्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, जमिनीपासून साधारण अर्धा मीटर तरी वर, दारं-खिडक्या आणि वाऱ्याच्या झोतापासून दूर. स्वयंपाकघरात नाही, न्हाणीघरात नाही. थोड्या मुदतीची चाचणी असेल तर बारा तास आधीपासून आणि चाचणी संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद, ये-जा करण्यापुरतं उघडायचं. कमीत कमी 48 तास. हे सगळं हुशार मूल एका दुपारी पाठ करेल.

आता तुमची तिसरी शंका.

माझी एक जुनी विद्यार्थिनी हे काम करते. एकदा तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "सर, यात काय दिसतं सांगा." एका घरातल्या रेडॉनचा 48 तासांचा आलेख होता, तासाला एक काठी. पहिल्या रात्री काठ्या हळूहळू उंच होत पहाटे सगळ्यात वर गेल्या आणि दुपारी उतरल्या. हे सगळं रीतसर. बाहेर गारठा वाढला की घरातली उबदार हवा वर चढते, वरच्या फटींतून बाहेर पडते, खाली दाब कमी होतो आणि घर जमिनीतली हवा खेचून घेतं. दुसऱ्या रात्री अकराला मात्र काठ्या एकदम कोसळल्या. पहाटे पाचपर्यंत बुटक्या, मग पुन्हा चढ. मी म्हटलं, "रेडॉन कमी झाला असेल." ती हसली. तिने त्याच आलेखावर तापमानाची रेघ चढवली. बरोबर अकराला ती रेघही घसरली होती. यंत्र हवेचा दाब, ओलावा आणि कुणी हलवलं तर तेही टिपतं. दाब स्थिर होता, यंत्र जागचं हललं नव्हतं. म्हणजे वादळ नाही, वारा नाही. कुणीतरी रात्रभर खिडकी उघडी टाकली होती.

सरासरी काढली असती तर आकडा मर्यादेच्या आत बसत होता. तिने चाचणी रद्द केली आणि अहवालात कारण लिहिलं. घर विकणारे गृहस्थ चिडले. ज्या दलालाने तिला काम दिलं होतं त्याने पुढे काही महिने फोन केला नाही. या धंद्यात घर विकणाऱ्याला आकडा लहान हवा असतो, घेणाऱ्याला मोठा चालतो कारण भाव पाडता येतो, आणि दलालाला आकड्याशी घेणंदेणं नसतं, त्याला अहवाल शुक्रवारपर्यंत हवा असतो. या तिघांच्या मधोमध 48 तास एक यंत्र एकटं बसलेलं असतं, आणि परत येऊन त्याच्या वतीने बोलायचं असतं. तुम्ही शिकवलेलं फिजिक्स तिथे लागतं.

कोळशाच्या डब्याचंही तसंच. रेडॉन शोषून धरणारा सक्रिय कोळसा भरलेला हा चपटा डबा दोन-चार दिवस उघडा ठेवायचा, मग झाकण लावून पट्टी चिकटवायची, वेळ मिनिटासकट लिहायची आणि प्रयोगशाळेला धाडायचा. दिसायला बाळबोध काम. पण रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, 3.8 दिवसांचं. डबा टपालात आठवडाभर पडून राहिला की आत पकडलेल्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा उरतो. प्रयोगशाळा गणित करून मागे जाते, पण तुम्ही झाकण लावल्याची वेळ चुकीची लिहिलीत तर ते गणितच चुकीच्या जागेवरून सुरू होतं. बंद करायची वेळ अंदाजाने लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी दुसरं काहीही करावं, हे करू नये.

चांगला चाचणीकर्ता दर दहा चाचण्यांत एकदा दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवतो, दोन्ही सारखं बोलतात का ते पाहायला. मधूनच न उघडलेला डबा बाकीच्यांसोबत प्रयोगशाळेला पाठवतो, तिला न सांगता, तिथून शून्याच्या आसपास उत्तर येतं का ते बघायला. यंत्र दरवर्षी कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून घ्यायला, जातं. यातल्या कशाचेही ग्राहक वेगळे पैसे देत नाही. स्वतःवर इतका संशय घ्यायची तुमच्या मुलीची तयारी आहे का, हे तिला विचारा. प्रॅक्टिकलच्या वहीत तिने कधी आकडे 'जुळवून' घेतले असतील तर तेही विचारा. खरं उत्तर देईल अशा वेळी विचारा.

आणखी एक गोष्ट कोर्समध्ये नावापुरती येते : फोनवरचा ग्राहक. समजा आकडा आला 140 बेक्वेरेल प्रति घनमीटर (बेक्वेरेल हे किरणोत्सर्गाचं दुसरं एकक). अमेरिकेची रेषा, म्हणजे मघाचे 4 पिकोक्युरी, 148 वर आहे. ब्रिटन आणि कॅनडा 200 म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये 100 सुचवलं आणि ते जमत नसेल तर निदान 300 च्या वर जाऊ नका म्हटलं. ग्राहक विचारतो, "म्हणजे धोका नाही ना?" याला 'नाही' म्हणता येत नाही आणि घाबरवताही येत नाही. रेषेच्या अलीकडे सगळं सुखरूप आणि पलीकडे मरण असं काही नसतं, घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल तर तोच आकडा जास्त जड होतो, हे पाच मिनिटांत साध्या भाषेत सांगावं लागतं. आणि तुमची मुलगी लाजाळू असेल, तर तिला घाम इथे फुटेल, तळघरात नाही.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. नुसत्या चाचणीवर सुरुवातीला पोट भरत नाही, असं माझं मत आहे. एका चाचणीला दोन खेपा, प्रवास, कॅलिब्रेशन, विमा. जिथे घर विकताना चाचणी मागायची पद्धत आहे तिथे काम भरपूर, पण घरांचा बाजार थंडावला की तेही थंडावतं. म्हणून बहुतेक जण घरतपासणीच्या कामाला हे जोडतात. त्यात रेडॉन मोजणारा डिजिटल मॉनिटर आता कुणीही विकत घेऊन टेबलावर ठेवतं. स्वतःच्या कुटुंबापुरतं ते पुरतंही, आणि जो टेस्टर ते पुरत नाही म्हणतो त्याच्यावर माझा फार विश्वास नाही. त्रयस्थाची सही लागते तिथे काम टिकेल : घराचा व्यवहार, शाळा, कामाची ठिकाणं. युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशाने सदस्य देशांना राष्ट्रीय रेडॉन आराखडा करायला लावला आणि कामाच्या जागाही त्यात आणल्या. चेक प्रजासत्ताकात तर घर बांधण्याआधी त्या जमिनीचा रेडॉन निर्देशांक काढावा लागतो. तिथे मातीतली हवा मोजणारी माणसं लागतात, आणि फिजिक्सवाल्यांना त्यात घरच्यासारखं वाटतं.

मोजणाऱ्यानेच पुढे दुरुस्तीचं कामही घ्यायचं, यात कमाई जास्त दिसते. जमिनीखालून पाइप काढून पंख्याने हवा छतावर सोडायची, हे दुरुस्तीचं नेहमीचं तंत्र. पण ज्याला दुरुस्तीतून पैसे मिळणार त्याचा आकडा लोक संशयाने बघतात, आणि बघावाच. तिने निदान पहिली काही वर्षं एकाच बाजूला राहावं.

बापलेकीच्या वादाबद्दल मला एवढंच कळत नाही, की दोन दिवसांचा कोर्स आणि दोन वर्षांची एमएस्सी यांचं भांडण लावलं कुणी? दोन्ही होऊ शकतं. किरणोत्सर्ग-भौतिकी किंवा पर्यावरणाकडे झुकणारी एमएस्सी केली, तर ती प्रयोगशाळा चालवू शकेल, यंत्रं कॅलिब्रेट करू शकेल, दुसऱ्यांच्या अहवालांवर सही करू शकेल. कोर्स कुठल्याही सुट्टीत होईल. पण त्याच्याही आधी दोन गोष्टी. तीन महिने ठेवायचे, अल्फा कणांच्या खुणा टिपणारे अल्फा-ट्रॅक डिटेक्टर मिळतात, बोटभर प्लास्टिकचा तुकडा असतो त्यात. दोन मागवून घरातल्या एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवू दे, नोंदवही लिहू दे, दोन्ही आकडे वेगळे आले तर का आले ते तुम्हाला समजावून सांगू दे. आणि काम करणाऱ्या एखाद्या टेस्टरसोबत दिवसभर फिरू दे, सकाळच्या पहिल्या खेपेपासून संध्याकाळच्या अहवालापर्यंत.

धुळीचं राहिलं. यंत्र ठेवायला बहुधा स्वच्छ, वापरातल्या खोलीत जावं लागतं, पण काही घरांत पाया तपासायला जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत सरपटत शिरायची वेळ येते, आणि तिथे धूळ असते, उंदरांच्या लेंड्या असतात, जुनं इन्सुलेशन असतं. चांगला मास्क घालून निभतं. तरी डॉक्टरांना आधी विचारा, आणि टेस्टरसोबतचा तो एक दिवस अशाच एखाद्या घराचा निवडा.