मान वळेना, चेहरा निघेना: नेंडोरॉइड बाळगणाऱ्यांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रे नेंडोरॉइडवरची आहेत. ज्यांना हे प्रकरण नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर टोकियोच्या गुड स्माइल कंपनीच्या या फिगर्स, म्हणजे संग्रही ठेवायच्या पात्रांच्या बाहुल्या, साधारण १० सेंमी उंच असतात. डोके मोठे, अंग चिमुकले आणि चेहरे, केस, हात-पाय सगळे काढून बदलता येणारे. पहिली फिगर २००६ मध्ये आली, ती नेको-आर्क. ३३ क्रमांकाची हात्सुने मिकू, ती आभासी गायिका, २००८ ची, आणि बऱ्याच जणांचा छंद तिच्यापासूनच सुरू झालेला असतो.

पावसाळ्यात खोक्यात बंद ठेवलेल्या दोन फिगर्स गणपतीनंतर बाहेर काढल्या, तर हाताला चिकट लागतात. बुरशी असेल का? शिवाय एकीच्या गालावर काळसर डाग पडलाय. तो कशाने जाईल?
— वाचक, चिपळूण

चिकटपणा बुरशीचा नाही. फिगरचे पीव्हीसी प्लास्टिक लवचिक राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. हवा खेळती असली की फारसे जाणवत नाही, पण बंद खोक्यात तो साचतो आणि तेलकट थर धरतो. उबदार हवेत हे लवकर होते. बुरशी वेगळी दिसते: पांढरट किंवा हिरवट ठिपके, कुबट वास, आणि ती आधी पुठ्ठ्याला लागते.

उपाय सोपा आहे. फिगरचे सगळे भाग सुटे करा. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि भाग दहा-पंधरा मिनिटे ठेवा. लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने केसांच्या खाचा आणि कपड्यांच्या चुण्या घासा. चेहऱ्याला मात्र ब्रश लावू नका. डोळे छापलेले असतात आणि घासून घासून पापण्यांच्या कडा उडतात, तिथे नुसते बोट फिरवा. सांध्यांच्या भोकांत पाणी राहते, म्हणून झटकून, सावलीत दिवसभर वाळवूनच जोडा. उन्हात वाळवायचा मोह टाळा. चिकटपणा काही महिन्यांनी परत येऊ शकतो, तेव्हा पुन्हा धुवायचे. फिगर बंद खोक्याऐवजी थोडी फट असलेल्या काचेच्या कपाटात ठेवली तर तो कमी येतो. सिलिका जेलच्या पुड्या खोक्याच्या पुठ्ठ्यासाठी उपयोगी आहेत, चिकटपणावर त्यांचा परिणाम नाही.

डागाबद्दल मात्र बातमी वाईट आहे. गडद केसांतला किंवा कॉलरमधला रंग प्लास्टिसायझरबरोबर फिकट प्लास्टिकमध्ये उतरतो. तो वर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर तर लावूच नका. त्यातले अॅसिटोन रंग काढतेच, शिवाय एबीएस या कडक प्लास्टिकचे भाग विरघळवते. बारीक पॉलिश पेपरने घासलेत तर गालाचा मॅट पोत जाऊन तिथे चकाकणारा ठिपका राहील, आणि तो डागापेक्षा जास्त खुपेल. दुसरा चेहरा लावा, नाहीतर पुढची बट डागावर येईल असा कोन ठेवा. नव्या फिगरच्या केसांत, मानेपाशी पारदर्शक प्लास्टिकचे पातळ कपटे असतात. पॅकिंगचा कचरा समजून ते फेकले जातात, पण ते असतात नेमके याच कारणासाठी. फिगर परत खोक्यात ठेवताना ते जिथले तिथे घाला.

नवी फिगर आली, पण मान अजिबात फिरत नाही आणि चेहरा निघत नाही. जोर लावू का?
— वाचक, नागपूर

नका लावू. आधी क्रम पाहा. पुढचे केस दोन्ही कानांपाशी धरून सरळ पुढे ओढायचे, मग फेसप्लेट पुढे काढायची. मागचे केस मानेच्या सांध्यावर राहतात, ते शेवटी वर उचलायचे. वेणी किंवा शेंडी धरून ओढली की तीच तुटते, डोके जागेवरच राहते.

नव्या फिगरमध्ये सांध्यावरचा रंग भोकाच्या कडेला चिकटून बसलेला असतो, त्यामुळे मान अडते. हेअर ड्रायर पंधरा-वीस सेंमीवरून वीस-तीस सेकंद धरा, आणि ऊब खुंटीपेक्षा भोक असलेल्या भागाला जास्त द्या. भोक किंचित मऊ आणि मोठे व्हायला हवे. ड्रायर नसेल तर उकळते आणि साधे पाणी निम्मे-निम्मे मिसळा, पासष्ट अंशांच्या आसपास तापमान मिळते. त्यात सांधा अर्धा मिनिट बुडवा. मग एकदम पिळू नका, दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवा. खुंटीच्या मुळाशी प्लास्टिक पांढरे पडताना दिसले तर लगेच थांबा आणि पुन्हा ऊब द्या. तो पांढरेपणा म्हणजे प्लास्टिकला ताण पडून आत फाटायला लागले आहे.

वाकडी झालेली तलवार किंवा स्कर्टची कडा याच पाण्यात मिनिटभर ठेवून सरळ करता येते, पण आकार धरून ठेवून लगेच गार पाण्यात बुडवायचे. नाहीतर ती पुन्हा जुन्या वळणावर जाते. एबीएसचा कडक भाग मात्र या तापमानाला वाकणार नाही. तिथे हट्ट केलात तर तुकडा पडेल.

तुमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दलही एक गोष्ट. डोक्याचा भार मोठा, पाय बारीक. मे महिन्यात स्टँडशिवाय उभी ठेवलेली फिगर काही आठवड्यांत झुकते. पाठीत बसणारा स्टँडचा हात कायम लावलेला असू द्या आणि खिडकीसमोरची जागा सोडा. सरळ उन्हाने पांढरे भाग पिवळे पडतात, ते सहसा पुन्हा पांढरे होत नाहीत.

खांद्याची खुंटी तुटून भोकातच अडकली आहे.
— वाचक, पुणे

बारीक स्क्रूचे टोक पक्कडीत धरून मेणबत्तीवर दोन-तीन सेकंद तापवा, अडकलेल्या तुकड्याच्या मधोमध दाबा, गार होऊ द्या आणि सरळ बाहेर ओढा. ओढताना स्क्रू पिळू नका. खिडकी उघडी ठेवा, जळलेल्या प्लास्टिकचा धूर चांगला नसतो.

मग दोन्ही तुकड्यांत हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने भोक पाडून पितळी तार घालायची. तारेची जाडी खुंटीच्या निम्म्याहून कमी हवी. जाड घेतली तर खुंटी उभी चिरते. दोन्हीकडे तीन-चार मिमी आत गेली तरी पुरे. टूथपिकच्या टोकाने फेविक्विक लावा, थेंब नको. जास्त झाले की त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरकी धरते आणि गडद रंगावर ती उठून दिसते. रात्रभर ठेवून मगच जोडा. नुसत्या गोंदाने जोडलेली खुंटी पहिल्या वळणाला तुटते, त्यात वेळ घालवू नका. आणि उलट तक्रार असेल, म्हणजे सांधा ढिला पडला असेल, तर खुंटीला पांढऱ्या फेविकॉलचा पातळ हात द्या आणि *पूर्ण* वाळल्यावर बसवा. नको झाला तर सोलून निघतो.

मिकूची फिगर ऑनलाइन १,२०० रुपयांना दिसते. खरी असेल का?
— वाचक, ठाणे

नाही. सुरुवातीच्या काळात नेंडोरॉइडची किंमत ३,००० येनच्या आसपास असे, आता ६,००० ते ८,००० येन सर्रास असते. म्हणजे जपानमधली मूळ किंमतच साधारण साडेतीन हजार रुपयांपासून सुरू होते. त्यात टपाल आणि कर धरा. नवी, बंद खोक्यातली आणि १,२०० ला, हे गणित बसत नाही. नकली फिगर हातात आली की कळतेच: तीव्र रासायनिक वास, चकचकीत कातडी, केसांच्या कडेबाहेर गेलेला रंग, न बसणारे सांधे. पण तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून विक्रेत्याकडे त्याच्याजवळच्या वस्तूचे फोटो मागा. कंपनीचे प्रसिद्धीचे फोटोच परत पाठवणाऱ्याचा नाद सोडा.

हवी ती फिगर संपली आहे. दुप्पट भावाने घेऊ का? आणि कस्टम्सचे काय?
— वाचक, कोल्हापूर

आधी फेरउत्पादन, म्हणजे रीरन, जाहीर झाले आहे का ते पाहा. लोकप्रिय फिगर्स गुड स्माइल पुन्हा काढते आणि घोषणा झाली की जुन्या मालाचा भाव उतरतो. प्रीऑर्डर ठरावीक मुदतीत घेतल्या जातात आणि माल काही महिन्यांनी येतो. तारीख पुढे ढकलणे नेहमीचेच. एकाच महिन्यात चार प्रीऑर्डर येऊन पडतील असे करू नका. जपानी दुकानांतल्या वापरलेल्या फिगर्स हा उत्तम मार्ग आहे. तिथे वस्तूची आणि खोक्याची प्रत वेगवेगळी लिहिलेली असते. खोके चेपलेले आणि वस्तू चांगली अशी जोडी शोधा, आपल्याला खोके मांडायचे नाही.

भारतात खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणपत्राचे बंधन आहे. नेंडोरॉइडच्या खोक्यावर वय १५ आणि पुढे असे छापलेले असते, पण पार्सल कोणत्या सदरात धरले जाते त्यावर तुमचा आकडा ठरतो. बिल छापून जवळ ठेवा, विक्रेत्याला किंमत कमी दाखवायला सांगू नका, आणि पहिल्या खेपेला एकच फिगर मागवून किती कर लागतो ते बघा.

एकीचा चेहरा दुसरीला बसतो का?
— वाचक, पणजी

बहुतेक वेळा बसतो. अगदी सुरुवातीच्या फिगर्समध्ये अडचण येते, आणि कपाळावर जाड झुलपे असली तर पुढचे केस नीट मिटत नाहीत. फट दिसली तर दाबू नका. अंगे बदलताना कातडीचा रंग उजेडात शेजारी धरून पाहा, दोन फिगर्सच्या छटांत फरक असतो आणि तो गळ्यापाशी लगेच दिसतो.