साइटवर नव्याने रुजू होणाऱ्या इंजिनिअरला

बाळा, साइट, घर आणि देव यांच्या तारखा एकाच वहीत लिही. स्लॅबचा दिवस ठरवताना वारी आधी बघ. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा रस्ते बंद असतात. काँक्रीटची गाडी अडकली की माल वाया. स्लॅब पुढे ढकल आणि आईला भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात दर्शनाला ने.

काँक्रीटमध्ये कुणी जादा पाणी ओतायला लागलं, तर तिथेच थांबव, मग तो कितीही ओळखीचा असो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस ओलावा हवाच. एप्रिलच्या उन्हात गोणपाट बघता बघता वाळतं, म्हणून स्वतः हात लावून बघ. क्यूबचा, म्हणजे त्याच काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याचा, २८ दिवसांचा निकाल न वाचता सही करू नकोस. त्या छपराखाली कुणाची तरी लेकरं झोपणार आहेत. ही सही मी पूजेइतकीच पवित्र मानतो.

रात्रीचं जेवण मात्र घरीच, सगळ्यांबरोबर. आणि मुलांना खडकवासल्याला घेऊन जा. पुण्यातच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली तिथल्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवले होते. बाबा दिवसभर काय करतात, ते धरणाजवळ उभं राहून सांगणं सोपं जातं.