‘घरात कळलं तर…’ हे वाक्य पूर्ण करायला हवं

“मॅडम, घरात कळलं तर?”

एचआयव्हीवर औषधोपचार देणाऱ्या एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोर बसलेल्या बाईनं पदर सावरला, दाराकडे एकदा पाहिलं की तो येणार हे मला समजतं. निदान नुकतंच झालेली विचारते आणि दहा वर्षं गोळ्या घेणारीही विचारते. 2004 पासून ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागली, 2017 पासून सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती आहेत हे न बघता निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार सुरू होऊ लागले. त्यामुळे ‘मी किती दिवस जगेन’ हा प्रश्न मागे पडला. नियमित गोळी घेणारी बाई नातवंडं बघते, हे बायकांना आजूबाजूला दिसतंय. कळण्याची भीती मात्र होती तिथंच आहे, आणि माझ्या अनुभवात आज बायकांच्या तब्येतीचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

वनिताताईंची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. पुष्कळ भेटींत झालेलं बोलणं इथं थोडक्यात लिहिते आहे.

वनिताताई सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या. त्या भागातली बरीच माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामासाठी देशभर पांगलेली असतात. यांचे यजमानही तमिळनाडूत गलाईला होते. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. घरात सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि वनिताताईंची कॉलेजला जाणारी मुलगी. वनिताताई द्राक्षबागेत मजुरीला जातात. गोळ्या वेळेवर न्यायच्या, कधी तारीख चुकवली नाही, म्हणून त्यांना तीन-तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम मिळत होत्या. आणि त्या वर्षीच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, आला चार हजारांच्या वर. तो हजाराच्या आत हवा, खरं तर सापडूच नये इतका कमी हवा.

“गोळी चुकतीय का?”

“न्हाई मॅडम.”

“बाटली आणलीय?”

बाटली हातात घेतली आणि मला आधी जाणवलं ते हे की तिचा आवाज येत नव्हता. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबला होता. वरचं लेबल नखानं खरवडून काढलं होतं. मोजल्या तर असायला हव्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त गोळ्या शिल्लक.

“जास्तीच्या दिल्या असतील,” त्या म्हणाल्या.

अशा वेळी समुपदेशक रागावतो, व्हायरल लोडचा आकडा दाखवून घाबरवतो, मोबाइलवर गजर लावायला सांगतो. गजर विसरणाऱ्या माणसासाठी असतो. ज्या बाईनं बाटलीत कापूस भरला आहे तिला गोळीची आठवण प्रत्येक क्षणाला आहे. मी विषय बदलला. बाटली कुठे ठेवता, एवढंच विचारलं. गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागं. घरात सगळी जेवून टीव्हीसमोर बसली की म्हशीला बघून येते म्हणून उठायचं. पुतण्याचं लग्न ठरलं तसा अंगणात मांडव पडला, गोठ्याच्या तोंडाशी पाहुणे झोपायला लागले आणि गोठ्यात जाणंच बंद झालं.

“मग आता खरं सांगा, कशाची भीती वाटते?”

“घरात कळलं तर?”

“कळलं तर काय होईल?”

“तर काय, संपलंच की सगळं.”

इथं बहुतेक बायका थांबतात. आणि आपण, म्हणजे घरचे, डॉक्टर, समुपदेशक, इथंच धीर द्यायला लागतो. ‘काही होत नाही हो, एवढं काय घाबरायचं.’ मला हे पटत नाही. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल मनात धरलेली समजूत जास्त छळते, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मी मानते आणि त्यावरच माझं काम चालतं. पण समजूत तपासायची तर ती आधी पुरती ऐकायला हवी. ‘कळलं तर’ हे अर्धं वाक्य आहे. अर्ध्या वाक्याला उत्तर देता येत नाही. म्हणून मी ते पूर्ण करून घेते, कितीही वेळ लागला तरी.

“संपलं म्हणजे काय? पहिल्यांदा कोण काय करेल?”

“जाऊबाई ताट येगळं काढतील.”

“मग?”

“दीर म्हणतील, माहेरला जा. माहेरात भाऊ हाय, पण घर भावजयीचं.”

“आणखी?”

“पोरीचं लगीन जमायचं न्हाई.”

“आणखी?”

बराच वेळ त्या पदराच्या टोकाची गाठ सोडत-बांधत बसल्या. मग खाली बघून म्हणाल्या, “सासूबाई म्हणतील, माझ्या लेकाला हिनंच खाल्लं.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“आधी माझंच निघालं हुतं न्हवं. पोटुशी हुते तवा. मग ह्यांची तपासणी केली.”

मला सापडायला हवं होतं ते हेच होतं. ताट, माहेर, मुलीचं लग्न ही भीती बाहेरच्यांची होती. शेवटचं वाक्य सासूबाईंच्या तोंडी घातलं असलं तरी ते वनिताताईंचं स्वतःचं होतं. वीस वर्षं त्यांनी स्वतःला गुन्हेगार धरलं होतं. घरात कळणं म्हणजे त्यांच्या लेखी निकाल लागणं होतं.

मी त्यांना विचारलं, “गरोदरपणात तपासणी कुणाची होते?”

“बाईची.”

“आणि गडीमाणूस कधी तपासायला जातो?”

“अंथरुणाला खिळला की.”

“मग आधी कुणाचं निघणार?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सावकाश सांगितलं. गरोदर बाई दवाखान्यात येते, तिचं रक्त तपासलं जातं, म्हणून अनेक घरांत निदान आधी बाईचं होतं. तपासणी आधी झाली याचा अर्थ लागण आधी झाली असा होत नाही. रक्ताच्या तपासणीत विषाणू आहे एवढंच दिसतं, तो कुणाकडून कुणाकडे गेला हे दिसत नाही. यजमानांना दोषी ठरवायचं मी कटाक्षानं टाळलं. तो माणूसही आजारीच होता, लांब मुलखात एकटा राहत होता आणि आज उत्तर द्यायला तो नाही. एकाच्या डोक्यावरचं ओझं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं हे माझं काम नाही.

वनिताताई रडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची बाटली उचलली, झाकण उघडून आतला कापूस बोटानं काढला आणि विचारलं, “मॅडम, गोळी पदरात बांधून शेतात नेली की घामानं ओली होती कधी कधी. तशी घेतली तर चालती का?”

एवढ्या वर्षांत गोळीबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. वरकरणी साधाच प्रश्न, पण ज्या बाईनं आतापर्यंत ‘न्हाई मॅडम, चुकत न्हाई’ एवढंच म्हटलं होतं ती आता अडचण टेबलावर ठेवत होती. लोक समजतात समुपदेशनात मोठं काहीतरी घडतं, अश्रूंचा बांध फुटतो. माझ्या अनुभवात बाई व्यवहाराचा प्रश्न विचारायला लागली की समजावं, काम झालं.

मग आम्ही कामाला लागलो.

आधी गोळीची वेळ. पूर्वीच्या गोळीनं गरगरायचं, म्हणून ‘रात्री झोपताना घ्या’ असं सांगितलं जायचं. आता दिली जाणारी डोल्युटेग्रॅविर असलेली गोळी दिवसा कधीही घेता येते, जेवणाआधी किंवा नंतर. वेळ रोज तीच ठेवायची, एवढंच. वनिताताई जुनी वेळ धरून बसल्या होत्या आणि त्यासाठी रात्री गोठा गाठत होत्या. आम्ही दुपार ठरवली, बागेतल्या भाकरीच्या सुट्टीत. ओल्या गोळीचं उत्तर, नाही चालत. त्यासाठी घट्ट झाकणाची छोटी कोरडी डबी, चार-पाच दिवसांपुरत्या गोळ्यांची. बाकीच्या मूळ बाटलीतच.

मग आणखी एक गोष्ट निघाली. उपकेंद्रातून रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या मिळत होत्या, त्या आणि ही गोळी वनिताताई रात्री स्वतः जेवायच्या आधी, उपाशीपोटी एकदमच गिळत होत्या. लोह आणि कॅल्शियम या औषधाला पोटात अडवतात, ते रक्तात पुरेसं उतरत नाही. पित्ताच्या काही औषधांचंही तसंच. एचआयव्हीची गोळी आधी घेऊन दोन तासांनी लोह-कॅल्शियम घ्यावं, किंवा लोह-कॅल्शियम आधी घेतलं असेल तर सहा तास थांबावं. दोन्ही जेवणाबरोबर घेतली तर एकत्र चालतात. बायकांत पंडुरोग इतका आहे की ही अडचण बायकांनाच जास्त येते, म्हणून हे मी प्रत्येकीला विचारते. एखादी गोळी राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

आता भीतीचा बाहेरचा भाग. ‘लोक काय म्हणायचं ते म्हणोत’ असं मी अशा बायकांना कधीच सांगत नाही. ताट खरंच वेगळं काढलं जातं, बाईला खरंच घराबाहेर काढतात, मी पाहिलं आहे. विचार बदलण्याआधी तिच्या पायाखालची जमीन पक्की करावी लागते. 2017 चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणालाही राहत्या घरातून किंवा घराच्या एखाद्या भागातून दूर ठेवता येत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. संमतीशिवाय कुणाची माहिती फोडताही येत नाही. वनिताताईंना मी तलाठ्याकडून सातबारा उतारा आणायला सांगितला. यजमान गेल्यावर वारस नोंद झाली होती, त्यांचं आणि मुलीचं नाव त्यावर होतं. त्यांना हे माहीतच नव्हतं. उतारा घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मुलीच्या लग्नाचं मात्र मी काही आश्वासन दिलं नाही. जन्मावेळी दोघींनाही औषध मिळालं होतं, अठराव्या महिन्याच्या तपासणीत मुलगी निगेटिव्ह निघाली, तो कागद आहे. कुणी स्थळ नाकारलं तर वाईट वाटेल, सोसावं लागेल, आणि सोसता येईल. एवढंच म्हटलं.

‘मग घरात सांगितलं का?’ असं मला नेहमी विचारतात. नाही सांगितलं. सांगणं हा उपचाराचा भाग आहे असं मी मानत नाही. जोडीदार असेल तर त्याची तपासणी आणि काळजी यासाठी ते बोलणं व्हायला हवं, आणि आम्ही त्यात मदत करतो. पण सासर-माहेरात कुणाला सांगायचं हा बाईचा अधिकार आहे. ताटातून, हात लावल्यानं, एका मोरीत अंघोळ केल्यानं हा आजार पसरत नाही, त्यामुळे न सांगून ती कुणाचं काही बिघडवत नाही. लपवणं तिच्या गोळीच्या आड येऊ नये, एवढंच मी बघते. तीन महिन्यांनी वनिताताईंची तपासणी पुन्हा झाली. विषाणू आढळला नाही.

आणि मग मी त्यांच्याकडे तो विषय काढला जो या बायका सगळ्यात जास्त टाळतात, गर्भाशयमुखाची तपासणी. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा बायकांची ही तपासणी 25 व्या वर्षापासूनच सुरू करायला सांगते. वर्षानुवर्षं गोळ्या चोख घेणारी बाई यात मागे पडते, कारण नव्या टेबलावर, नव्या डॉक्टरसमोर पुन्हा सगळं सांगावं लागतं. पांढरं जातंय, पाळीशिवाय रक्त जातंय, संबंधानंतर रक्त दिसतंय, तरी सांगत नाहीत.

“तिथल्या नर्सबाईला परत सांगायचं?” वनिताताईंनी विचारलं.

“सांगितलंत तर पुढची तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना नीट ठरवता येईल. मोजे आणि निर्जंतुक साहित्य तर त्यांनी प्रत्येकीसाठी वापरायचंच असतं. आणि तुम्हाला आता वाक्य पूर्ण करता येतं. सांगितलं तर?”

“तर ती तोंड वाकडं करंल,” त्या म्हणाल्या. “करू दे.”

तपासणी पाच-दहा मिनिटांची. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, बदल झालेला भाग पांढरा दिसतो. वनिताताईंना तसा छोटा डाग निघाला. कर्करोग नव्हे, त्याच्या कितीतरी आधीची पायरी. तो तिथंच गोठवून काढला, भूल द्यावी लागली नाही. वर्षानं पुन्हा बोलावलं आहे.

परवा गोळ्या न्यायला आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, “मॅडम, आमच्या जाऊबाईंच्या बी अंगावरून जातंय, दोन वर्सं झाली. लाजत्यात. त्यांना आणू का तपासायला?”

मी म्हटलं, आणा. तो विभाग वेगळ्या इमारतीत आहे आणि तिशीच्या पुढच्या सगळ्याच बायकांची ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, त्यामुळे कुणाला कसलं कारण सांगावं लागणार नाही. छाटण्या उरकल्या की दोघी येणार आहेत.