चांदमिनारवर चढता येतं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही जालन्याचे. दिवाळीच्या सुट्टीत देवगिरी किल्ल्यावर जायलोत, आई, बायको अन् दोन लेकरं. धाकट्याने चांदमिनारचा फोटो बघितला तेव्हापासून एकच धोशा लावलाय की वर चढून आपली गाडी केवढी दिसते ते बघायचंय. वर सोडतात का? अन् आईचे गुडघे दुखतात, तिला न्यावं का नाही?
– एक वाचक, जालना

उत्तर: दादा, लेकराला आजच सांगून टाका, मिनारच्या आत सोडत नाहीत, आतला जिना कैक वर्षांपासून बंदच आहे. आम्ही न विचारता गेलो होतो अन् माझ्या पोरीने तिथंच जी फतकल मारली ती गेटबाहेरच्या पेरूचं नाव काढल्यावरच उठली.

पण खालून तरी नीट बघा त्याला. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहच्या काळातला, १४४५ चा, उंची २०० फुटांच्या वर. वर बघता बघता डोक्यावरची टोपी मागं पडते. बुडाशी उभं राहून सज्जे खालून पेलणारे कोरीव दगड बघा, फोटोत ते कळतच नाहीत.

आता चढायचीच हौस असेल तर अख्खा किल्ला आहे की! सातेकशे पायऱ्या चढून बारादरीपर्यंत, म्हणजे वरच्या जुन्या महालापर्यंत गेलात की तोच मिनार खाली बोटाएवढा दिसतो, मग गाडी तर शोधावीच लागेल, धाकट्याला हेच आमिष दाखवा. वाटेत मेंढा तोप लागते, मागच्या टोकाला खरंच मेंढ्याचं तोंड आहे, लेकरं तिथून हलत नाहीत. पुढं खंदक अन् मग अंधारी. शत्रू चकावा म्हणून डोंगर पोखरून केलेली ती वाट, आत वटवाघळांचा असा वास की नाकाला रुमाल लावावा लागतो. मोबाईलच्या उजेडावर राहू नका, चांगली बॅटरी घ्या अन् लेकरांचे हात सोडू नका.

आईला न्याच. मिनारपर्यंत फार चढ नाही, समोरच भारतमाता मंदिर आहे, तिथल्या खांबांच्या सावलीत त्या निवांत बसतील, फक्त सोबत कुणीतरी थांबा, बायकोलाच थांबवायचं असा नियम नाही बरं का. अन् सकाळी नऊलाच पोचा, दुपारी कातळ असा तापतो की उतरताना लेकरू खांद्यावर घ्यावं लागतं.

येताना बाहेर सीताफळं घ्या, दिवाळीला मिळतात, पण घरी जाऊन खा, गाडीत बिया फार होतात.