ट्रेनिंग घेतलं तरी साइटवर फरक का पडत नाही?

तुम्ही विचारलंय की इंजिनिअरांना हॉटेलात दिवसभर ट्रेनिंग दिलं, सर्टिफिकेटं वाटली, तरी पाथर्डी फाट्याच्या साइटवर काँक्रीटमध्ये पाणी अंदाजानंच पडतंय; आता कल्चर कसं बदलायचं? आधी सांगा, पाणी ओतणारा माणूस त्या हॉटेलात होता का?

मीही नाशिकमध्ये साइटवरच असतो. जादा पाण्यानं काँक्रीटची ताकद घटते हे मुकादमाला चांगलं ठाऊक असतं. पण स्लॅब उक्ता (कामावर ठरलेल्या ठोक रकमेत) दिलेला, घट्ट माल पसरायला वेळ लागतो, आणि वेळ गेला की त्याचं नुकसान. ट्रेनिंगनं हा हिशोब बदलत नाही. आम्ही व्हायब्रेटरवाल्याला (मशीननं काँक्रीट हलवून दाबून बसवणाऱ्याला) उक्त्यातून काढून रोजावर घेतलं, तेव्हा बराच फरक पडला.

दुसरं म्हणजे, आरएमसीची (प्लांटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची) गाडी परत पाठवायचा अधिकार साइटवरच्या ज्युनिअर इंजिनिअरला द्या. तो पहिली गाडी परत पाठवेल तेव्हा ऑफिसातून कोणाचा फोन येतो, काय बोललं जातं, याकडे साऱ्या साइटचे कान असतात. तिथे साहेबांनी त्यालाच झापलं, तर पुढची सगळी ट्रेनिंगं पाण्यात.

शिकवायचंच असेल तर सेंट्रिंग (स्लॅबखालचा आधाराचा साचा) खोलल्यावर, स्लॅबखाली उभं राहून शिकवा. हनीकोंब (काँक्रीट नीट न बसल्यानं राहिलेली पोकळ भोकं) दिसलं की साहेब यायच्या आत त्यावर माल मारून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत. तसं करू देऊ नका. ज्या टोळीनं स्लॅब टाकला तिलाच बोलवा, हिंदीत बोला (बरीच पोरं बिहार-यूपीची, त्यांना तुमचा इंग्रजी पीपीटी काय कामाचा?), आणि असं का झालं ते आधी मिस्त्रीला सांगू द्या. कव्हर ब्लॉकऐवजी (सळई साच्यापासून वर धरणाऱ्या ठोकळ्याऐवजी) सळईखाली खडी ठेवली होती, हे तोच सांगेल. क्युरिंगचंही (काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवण्याचंही) तिथंच बोला. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान 7 दिवस सांगतं. फ्लाय ॲशचं सिमेंट किंवा कोरडी गरम हवा असेल तर 10. आपला एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. आणि क्यूबचा (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या ताकदीचा) 28 दिवसांचा रिझल्ट फाइलला लावून ठेवू नका, टोळी दुसऱ्या साइटवर गेली असली तरी मुकादमाला कळवा.

मालक या खर्चाला कुरकुरले तर रेराचं (घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम 14 समोर ठेवा. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला गेला, तर 30 दिवसांत स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यावी लागते. ते वाचल्यावर व्हायब्रेटरवाल्याच्या रोजावर फार वाद होत नाही.